प्लॅस्टर निघाल्यानंतरचे दिवस : पाय मोडलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा धागा

अबोली

आज चौदावा आठवडा.

जुलैच्या मध्यात, पावसात, आमच्या फाटकासमोरच पडले. नागपुरात, प्रतापनगरात आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाल्यापासून रस्ता वर आणि फाटक खाली, मधे वीतभर उतार आहे. रोजचीच जागा. त्या दिवशी हातात भाजीची पिशवी होती, उतारावर शेवाळ धरलं होतं. उजवा पाय मुरगळून अंगाखाली आला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला, तो माझा मीच ऐकला. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाजूला प्लेट, आतल्या बाजूला दोन स्क्रू, आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही असं सांगून घरी पाठवलं.

त्या सहा आठवड्यांबद्दल मला फार लिहायचं नाही. ते कठीण होते, पण माणसं सोबत होती. शेजारच्या वहिनी डबा द्यायच्या, बहीण अमरावतीहून येऊन राहिली, शाळेतल्या बाई संध्याकाळी गप्पा मारायला यायच्या. पांढरं प्लॅस्टर डोळ्यांना दिसत होतं ना, म्हणून दुखणंही सगळ्यांना दिसत होतं.

मला लिहायचंय त्यानंतरच्या दिवसांबद्दल. प्लॅस्टर कापलं त्या दिवशी घरात पेढे वाटले आणि त्या दिवसापासून सगळ्यांच्या लेखी मी बरी झाले. प्रत्यक्षात खरं काम त्या दिवशी सुरू झालं. प्लॅस्टरखालून निघालेला पाय मला माझा वाटेना. पोटरी डाव्या पायाच्या निम्मी, कातडीचे पापुद्रे सुटलेले, घोटा मात्र सुजून गोल. डॉक्टर म्हणाले, "पंजा वर ओढा." मी मनात ओढत होते, पंजा हलत नव्हता. त्या टेबलावर बसून मी रडले. ऑपरेशनच्या वेळी रडले नव्हते.

आता वॉकर सुटलाय, काठी आहे. बाराव्या आठवड्यात पूर्ण वजन टाकायची परवानगी मिळाली. अकराव्यापासूनच शाळेत जाऊ लागले आहे. मोठ्या बाईंनी माझा आठवीचा वर्ग वरून तळमजल्यावर आणून दिला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण सकाळी चपलेचा पट्टा तिसऱ्या भोकात बसतो आणि चौथ्या तासापर्यंत पहिल्या भोकातही बसत नाही. घरी आले की पाय उशांवर ठेवून पडून राहावं लागतं, आणि घरात कुणी बोलत नसलं तरी वाटतं की सगळे मनात म्हणत असतील, अजून किती दिवस?

घरातली एक गोष्ट सांगते. वॉकरवर असताना दोन्ही हात गुंतलेले असतात. मग स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत चहा कसा न्यायचा? पहिल्या आठवड्यात हा प्रश्न मला डोंगराएवढा वाटला होता. सासूबाईंनी सोडवला. स्टीलच्या झाकणाच्या बाटलीत चहा भरायचा, बाटली कापडी पिशवीत घालायची, पिशवी गळ्यात अडकवायची, कप खोलीतच ठेवायचा. त्या ७८ वर्षांच्या आहेत, तीन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. माळ्यावरून त्यांचाच वॉकर काढला मी. "वॉकर आधी, मग दुखरा पाय, मग चांगला. दर वेळी तिन्ही. मधलं गाळलं की पडलीच समज," असं म्हणत त्या माझ्यामागून भिंतीला धरून चालायच्या. आम्ही दोघी अशा सकाळी हॉलमध्ये चार फेऱ्या घालायचो. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांच्याजवळ इतकी मी कधी गेले नव्हते.

दिवाळी तोंडावर आहे. ज्यांचा पाय, गुडघा, खुबा मोडला होता, त्यांनी कृपया लिहा. चालता येतं पण पहिल्यासारखं नाही, हा मधला काळ तुम्ही कसा काढला? जिने कसे केले? मांडी घालून कधी बसता आलं? घरच्यांनीही लिहा, त्यांची बाजूही मला ऐकायची आहे.

रामदासपेठी

अबोलीताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत.

माझ्या गुडघ्याची वाटी गेल्या वर्षी मे महिन्यात तडकली. हाड सरकलेलं नव्हतं म्हणून ऑपरेशन टळलं, पण मांडीपासून घोट्याच्या वरपर्यंत सरळ प्लॅस्टर, पाच आठवडे. नागपूरचा मे, त्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, पारा ४५ च्या पुढे. प्लॅस्टरच्या आत घामाची जी खाज सुटते ती ज्याने भोगली त्यालाच कळेल. रात्री दोन वाजता मी विणायची सुई शोधत होतो, बायकोने हातातून काढून घेतली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की आत सुई-पट्टी घालून कातडी खरचटली तर जखम दिसत नाही आणि आतल्या आत पिकते. त्यापेक्षा हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून प्लॅस्टरच्या तोंडाशी धरायचा. मला त्यानेच झोप लागू लागली.

कूलरबद्दल सांगतो, कारण आपल्याकडे त्याशिवाय उन्हाळा निघत नाही. कूलरची हवा ओली असते. पलंग त्याच्या थेट तोंडाशी असला तर साधं प्लॅस्टर दमट होऊन कडेने मऊ पडतं. माझं पडलं, आणि एकदा नव्याने घालावं लागलं. पलंग बाजूला सरकवा, खिडकी उघडी ठेवा.

प्लॅस्टर निघालं तेव्हा गुडघा वाकेना. खुर्चीवर बसलो की पाय समोर लाकडासारखा. मी एकच नियम धरला. स्वतःचं सगळं स्वतः करायचं, पाण्याचा पेलासुद्धा कुणाला मागायचा नाही. वय ६७. आज रोज महाराजबागेच्या बाजूने दोन किलोमीटर चालतो. तुम्हीही हेच करा, मदत घेत राहिलं की शरीर आळशी होतं.

सई_बजाजनगर

काका, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. रागाने लिहीत नाही, पण मी दुसऱ्या बाजूला होते म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याचाही हाच बाणा होता. पाण्याचा पेला मागायचा नाही. पाचव्या आठवड्यात पहाटे एकटा उठला, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या त्या घसरल्या, एका पायावर उडी मारत न्हाणीघरापर्यंत गेला आणि ओल्या फरशीवर पडला. आधी नडगी मोडली होती, आता मनगटही. मनगट मोडल्यावर कुबडी धरता येत नाही, म्हणजे पुढचे सहा आठवडे पूर्ण माझ्यावर. त्याने मागितला असता तर पेला मी दोन मिनिटांत दिला असता.

घरच्यांची बाजू विचारलीत ना ताई, तर सांगते. मला त्याची सेवा करायचा त्रास नव्हता. त्याचं गप्प राहणं सहन होत नव्हतं. काय दुखतं, कुठे दुखतं, काही सांगायचा नाही. चेहऱ्यावरून ओळखायचं. मी ऑफिसात असताना दर तासाला फोन करायची, तो चिडायचा. शेवटी आमच्या मुलीने, ती तेव्हा अकरा वर्षांची होती, फ्रीजवर कागद लावला. वर लिहिलं "बाबा स्वतः करणार" आणि खाली "बाबांना मदत लागणार". रोज सकाळी तो कागद भरायचा. आंघोळीचं स्टूल ठेवणं, जिना उतरणं, रात्री पाण्याची बाटली उशाशी ठेवणं हे खालच्या रकान्यात. जसजशी एकेक गोष्ट वरच्या रकान्यात जायची तसा तो खुलायचा. एवढ्यानं आमच्या घरातली भांडणं निम्म्यावर आली.

"अजून किती दिवस" असं तुमच्या घरचे मनात म्हणत नसतील, ताई. मी कधी म्हणाले नाही. मला फक्त एवढंच वाटायचं की याने आज जेवताना काहीतरी बोलावं.

रामदासपेठी

सईताई, बरोबर आहे तुमचं. मी पडलो नाही हे माझं नशीब. आणि बायको घरातच होती, लक्ष ठेवून होती, हेही मी लिहायला हवं होतं.

रातचा_रायडर

ताई मी पण यातलाच. वय २८. रात्री जेवणाचे पार्सल पोचवतो, म्हणजे पोचवत होतो. मार्चमध्ये रिंग रोडवर कारनं कट मारला, डाव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. हाडात रॉड टाकला. योजनेत झालं ऑपरेशन, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत. ज्याले माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो, दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असते, रेशनकार्ड आन आधार घेऊन घरच्या एका माणसानं पहिल्याच दिवशी तिथं जायचं. माझ्या मोठ्या भावानं केलं म्हणून आमच्यावर कर्ज झालं नाही.

डॉक्टरनं पहिला प्रश्न काय विचारला माहिताय? खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटलेली पुडी, खातो का. मले वाटलं हाडाचा आन खर्ऱ्याचा काय संबंध. ते म्हणाले तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाडाले रक्त कमी भेटते, मग जुळायले उशीर होते. मी चार महिने ऐकलं नाही. चोरून खात होतो. एक्स-रेमध्ये फट दिसतच राहिली. मग डॉक्टरनं रॉडचा एक स्क्रू काढला, म्हणजे चालताना हाडाच्या दोन टोकांवर दाब पडते आन हाड धरते म्हणे. त्या दिवशी आईसमोर पुडी नालीत टाकली. आता तीन महिने झाले, हात लावला नाही. मागच्या एक्स-रेमध्ये पांढरा पूल दिसून राहिला फटीवर. डॉक्टरनं बोट ठेवून दाखवला. मी त्याचा फोटो मोबाईलच्या पडद्यावर लावला आहे.

पैशाचं कठीण आहे. पाय मोडला तर आमचं मीटर बंद. भाऊ ऑटो चालवते त्याच्यावर घर चाललं. मी सध्या घरी बसून वस्तीतल्या पोरांचं दहावीचं गणित घेतो, सात पोरं येतात. बसून करता येते असं काम शोधा, हे मी सगळ्यांले सांगीन. पैसे थोडे भेटतात पण चार वाजले की कोणीतरी आपली वाट पाहते, त्यानं दिवस निघते.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १९ वर्षं हेच काम करते. कुणालाही न बघता उपचार सांगणं बरोबर नाही, म्हणून ज्यांच्या डॉक्टरांनी वजन टाकायची परवानगी दिली आहे त्यांच्यासाठीच चार गोष्टी.

अबोलीताई, तुम्हाला परवानगी मिळून दोन आठवडे झालेत. घरी वजनकाटा असेल तर एक करून बघा. उजवा पाय काट्यावर, डावा पाय काट्याच्याच उंचीच्या पाटावर किंवा जाड पुस्तकांवर. समोर ओटा किंवा खिडकीचा गज असू द्या, पण हात नुसता टेकलेला. दोन्ही पायांवर सारखं उभं आहे असं वाटलं की घरातल्या कुणाला तरी काटा वाचायला सांगा. तुमच्या वजनाचा निम्मा आकडा यायला हवा. बहुतेकांचा येत नाही. पाय मोडला की मेंदू त्याला वाचवायला शिकतो, आणि हाड जुळल्यावरही ती सवय सुटत नाही. आकडा डोळ्यांना दिसला की सुटायला लागते.

मांडीचं आणि उकिडवं बसण्याचं विचारलंत. तुमच्या दुखापतीत मांडी आधी जमेल, उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी, कारण त्याला पंजा नडगीकडे भरपूर वाकावा लागतो. भिंतीकडे तोंड करून उभं राहा, अंगठा भिंतीपासून चार बोटांवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. चांगल्या पायाने किती अंतरावरून जमतं आणि दुखऱ्याने किती, ते खडूने फरशीवर खूण करून ठेवा. दर रविवारी बघा. रोज बघू नका, रोज फरक दिसत नाही आणि मन खट्टू होतं.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची, म्हणजे तुमची डाव्या हातात. माझ्याकडे येणारे निम्मे लोक दुखऱ्या बाजूलाच धरून येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. कुबड्या वापरणाऱ्यांनी काखेत भार देऊ नये, काख आणि गादी यांत दोन-तीन बोटं मोकळी हवीत, भार हातांवर. काखेतली नस दबली तर हाताला मुंग्या येतात, कधी मनगट उचलता येत नाही.

घोट्याची सूज संध्याकाळी येणं आणि सकाळी उतरणं हे सहा महिने, कधी वर्षभर चालतं. ते बिघडल्याचं लक्षण नाही. शाळेत मधल्या सुट्टीत खुर्चीवर पाय ठेवून पंजा वर-खाली तीस वेळा करा, पोटरी पंपासारखं रक्त वर ढकलते. पण एकाच पायाची पोटरी गरम, ताठ होऊन दुखायला लागली, रात्रभर पाय वर ठेवूनही सूज हलली नाही, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर धाग्यावर विचारत बसू नका. तडक दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

महालकर_काकू

सगळे लिहून राहिले म्हणून मीही लिहिते. माझं टाचेचं हाड दोन वर्षांपूर्वी मोडलं, पायरी चुकली. आमचा महालातला जुना वाडा, जिना लाकडी, उभा, कठड्याच्या जागी दोरखंड. दीड महिना वरच्या माडीतून खाली उतरलेच नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतो मारबतीचा दिवस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबतींची, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक जाते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, लहानपणापासून एकही वर्ष मी चुकवलं नव्हतं. त्या वर्षी मुलाने खुर्ची गॅलरीत नेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. खाली बडगे, म्हणजे मारबतीसोबतचे पुरुषी पुतळे, ढोल, ही गर्दी. सगळे ओरडत होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मीही वरून ओरडले. सगळ्या गल्लीच्या वर माझा आवाज. पायाच्या दुखण्याला नाव घेऊन सांगितलं, जा म्हणून. खालून ओळखीच्या बायका वर बघून हात हलवत होत्या. चाळीस दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की मी गावात आहे.

आता एक सांगते, पाऊलवाटताईंना पटेल की नाही माहीत नाही. माझ्या भावाचा हात आमच्या गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधून जोडला होता, आजही सरळ आहे. मी टाचेला रोज गरम तेलाची मालिश घेतली, त्यानेच मोकळी झाले असं मला वाटतं. अबोली, तूही घे.

पाऊलवाट

काकू, भावाचा हात सरळ जुळला हे चांगलंच झालं. पण माझ्याकडे असेही येतात ज्यांचं हाड न बघता ओढून बांधलं आणि वाकडं जुळलं, मग पुन्हा मोडून बसवावं लागलं. एक्स-रे नसताना हाडाची टोकं कुठे आहेत हे बोटांना पक्कं कळत नाही. घोट्याचं हाड सांध्यातच मोडतं, तिथे दोन मिलिमीटर सरकलेलंही चालत नाही.

टाके भरून आल्यावर, कातडी बंद झाल्यावर, कोमट तेल हलक्या हाताने लावायला माझी ना नाही. कातडी मऊ होते, टाक्यांची जागा खालच्या थरापासून मोकळी होते. मात्र सुजलेली पोटरी जोर लावून रगडू नका. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

महालकर_काकू

जोर नव्हतीच लावत ती बाई, पाय बोटांनी पुसल्यासारखं करायची. कातडी कोरडी पडली होती तेवढ्यापुरतं. रगडू नये हे पटलं. हाडवैद्याचं मी अबोलीला सांगत नाही, तिची प्लेट बसलेली आहे.

अबोली

तुम्हा सगळ्यांचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. सई, तुझा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. हे ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तू मला सांगत जा ना, कुठे दुखतं ते." मी तीन महिने उलट समजत होते.

पाऊलवाटताई, काटा केला. माझं वजन ६२. उजव्या पायाखालचा आकडा ३१ हवा होता, आला २२. मला शपथेवर सारखं वाटत होतं. सासूबाई चष्मा लावून खाली वाकून आकडा वाचत होत्या, "चोवीस... सव्वीस... आता परत बावीस." त्यांनीच सांगितलं की मी श्वास धरते तेव्हा आकडा उतरतो. श्वास सोडत उभी राहिले तर एकोणतीसपर्यंत गेला. कालपासून दात घासताना काट्यावरच उभी राहते.

भिंतीचंही केलं. डावा पाय चार बोटांवरून, उजवा जेमतेम एक बोट. खडूची खूण केली आहे, रविवारी बघेन.

रायडरभाऊ, तुमच्या एक्स-रेमधल्या त्या पांढऱ्या पुलाचं वाचून मला फार आनंद झाला. सात मुलांना गणित शिकवताय, मी शिक्षिका आहे, त्याचं मोल मला कळतं. आमच्या शाळेतल्या दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकांच्या प्रती देऊ शकते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शाळेत कशी जाते असं एकीने व्यनितून विचारलं होतं. आमच्या बाजूची, लोकमान्यनगरची मेट्रो जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. तेव्हापासून मी तीन-चारदाच बसले असेन, स्कूटी होती म्हणून. आता रोज ऑटोने सुभाषनगर स्टेशन, तिथून झाशी राणी चौक. लिफ्ट आहे, फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत असते, पाय उचलावा लागत नाही. शहर बसची पहिली पायरी मला अजून चढता येत नाही, गुडघ्याएवढी उंच आहे. लिफ्टपासून रस्ता ओलांडेपर्यंतचा तुकडा मात्र जिवावर येतो. फुटपाथचे गट्टू उखडलेले आहेत, आणि दुचाकीवाले हॉर्न वाजवून कडेने जातात तेव्हा अंगाला काटा येतो. काठी असली तरी गाडी थांबवायला कुणाला सुचत नाही. एक हात वर करून थांबा म्हणायला मी या महिन्यात शिकले.

दिवाळीचं ठरवलं. फराळ बसून. ओट्याजवळ उंच स्टूल आणलं आहे, बसल्यावर कोपर ओट्याच्या वर राहील एवढ्या उंचीचं. चकल्या डायनिंग टेबलावर पाडणार, तळणार हे. माळे, पंखे, जाळी साफ करणं यंदा नाही. सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मी काही माळ्यावर चढून बघत नाही.

रामदासपेठी

श्वासाचं अगदी खरं. मी जिना उतरताना श्वास धरायचो आणि गुडघा ताठ व्हायचा. आज महाराजबागेत मुद्दाम मोजत उतरलो.

रातचा_रायडर

ताई व्यनि केला आहे. पोरांले सांगितलं, खुश झाले. एक पोरगी म्हणे, सर तुमची काठी सुटली का आम्ही फटाके फोडू. अजून सुटली नाही. डिसेंबरात एक्स-रे आहे.

नरेंद्रनगरचा

नमस्कार. आजच सदस्य झालो, हा धागा शोधूनच आलो. काल संध्याकाळी आई अंगणात पडली, उजव्या पायाच्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं. ऑपरेशन लागणार नाही म्हणाले, पण दीड महिना वजन टाकायचं नाही. वय ६४. वॉकर घ्यायला सांगितलंय. रविवार असल्यामुळे दोन दुकानं बंद मिळाली, आणि कसा घ्यायचा तेही कळत नाही. आई रात्रभर एकच म्हणत होती, "मी आता तुमच्यावर ओझं होणार." तिला काय सांगू?

सई_बजाजनगर

सांगण्यापेक्षा तिला आजच एखादं काम द्या. बसून भाजी निवडणं, दुधाचा हिशेब, काहीही, पण खरं काम, घराला लागणारं. आणि फ्रीजवर कागद लावा. वरचा रकाना रिकामा ठेवू नका.

अबोली

वॉकर विकत घेऊ नका. आमचा रिकामा आहे. आधी सासूबाईंनी वापरला, मग मी. आता तुमच्या आईंना लागू दे. सासूबाईंनाही विचारलं, त्यांनी लगेच पुसायला घेतला.

नरेंद्रनगरहून तुम्हाला फार वेळ लागणार नाही, पत्ता व्यनि करते. आमच्याकडे लिफ्ट नाही, दुसरा मजला आहे, चौतीस पायऱ्या. पाच वाजता हे घरी येतील, वॉकर ते धरतील आणि मी कठडा धरून खाली येईन. फाटकाशी उभी असेन, तिथे उतार आहे, गाडी रस्त्यावरच लावा आणि सांभाळून पाय ठेवा.

एक बघून ठेवा. मागच्या दोन पायांची रबरी बुचं झिजली आहेत, औषधाच्या दुकानात मिळतात, आईंनी पाऊल टाकायच्या आधी नवी लावा. उंची माझ्या मापाची आहे. आईंना चपलेसकट, चांगल्या पायावर, कुणीतरी धरून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा, वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. चारही पायांच्या पिना एकाच भोकात बसल्या की टिक् असा आवाज येतो. चारदा ऐकू आला पाहिजे.